घरची बास्केटबॉल रिंग: जाळी बदलण्याआधी बोल्ट बघा

2020-21 च्या लॉकडाऊनमध्ये मुलं घरात कंटाळली म्हणून कितीतरी घरांत बास्केटबॉलची रिंग आली. कुणी गच्चीवर लावली, कुणी पार्किंगच्या भिंतीवर, कुणी बंगल्याच्या अंगणात स्टँडवाली घेतली. तेव्हा आठ-नऊ वर्षांची असलेली मुलं आता चौदा-पंधराची झालीत. त्यांची उंची वाढली, वजन वाढलं, उडी तर भलतीच वाढली. रिंग मात्र तीच आहे, आणि पाच-सहा पावसाळे खाऊन बसली आहे. जाळीचे दोन-तीन फास सुटून लोंबतायत, बोर्ड पिवळा पडलाय, चेंडू आदळला की मागून कुठूनतरी खडखड ऐकू येते.

अशा वेळी घरात साधारण दोन मतं असतात. आई म्हणते, "तो सांगाडा एकदाचा भंगारात द्या." मुलं म्हणतात, "फक्त नवी जाळी आणा, बाकी सगळं मस्त आहे." खरं तर रिंग म्हणजे एक वस्तू नसते, जाळी, रिंग, बोर्ड, ब्रॅकेट, बोल्ट आणि खांब असे वेगवेगळे भाग असतात आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक भाग सुटा बदलता येतो. त्यामुळे सगळं फेकायची गरज बहुतेक वेळा नसते. पण मुलांचं म्हणणंही पुरतं बरोबर नाही. जाळी फाटली की लगेच डोळ्यांत येते. बोर्डमागचा बोल्ट गंजला की तो कुणालाच दिसत नाही.

आणि हा दिसण्या-न दिसण्याचा फरक जिवावर बेतू शकतो. नोव्हेंबर 2025 मध्ये हरियाणात काही तासांच्या अंतराने आलेल्या दोन बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. रोहतक जिल्ह्यातल्या लाखन माजरा गावात 16 वर्षांचा राष्ट्रीय पातळीवर खेळलेला मुलगा एकटा सराव करत होता. त्याने रिंग धरली आणि अख्खा खांब त्याच्या अंगावर आला. सीसीटीव्हीतलं ते दृश्य देशभर फिरलं. बहादूरगढमध्ये 15 वर्षांच्या मुलाचा जीवही असाच खांब कोसळून गेला. ती सार्वजनिक मैदानं होती, तिथे जबाबदारी कुणाची हा प्रश्न वेगळा. आपल्या गच्चीवरच्या रिंगची जबाबदारी मात्र आपलीच आहे, आणि ती पार पाडायला एक शिडी, दोन पाने आणि रविवारची सकाळ पुरते.

चाळीस किलोचं मूल, दोनशे किलोची ओढ

आधी थोडं गणित, कारण ते कळलं की कोणता भाग आधी तपासायचा हे आपोआप कळतं.

नियमाप्रमाणे रिंगची आतली रुंदी 45 सेंटीमीटर असते आणि रिंग व बोर्ड यांच्यामध्ये 15 सेंटीमीटरची जागा असते. म्हणजे रिंगचं पुढचं टोक बोर्डपासून 60 सेंटीमीटर बाहेर आलेलं असतं. आता समजा 40 किलो वजनाचं मूल त्या टोकाला लटकलं. रिंग बोर्डला चार बोल्टांनी धरलेली आहे, दोन वर आणि दोन खाली, आणि वरच्या-खालच्या जोडीत 12 सेंटीमीटर अंतर आहे. तराजूची दांडी जशी चालते तसंच हे चालतं. 60 ला 12 ने भागलं की पाच. म्हणजे 40 किलोच्या मुलामुळे वरच्या दोन बोल्टांवर मिळून जवळपास 200 किलोची ओढ येते. हे नुसतं शांत लटकण्याचं गणित आहे. धावत येऊन उडी मारून लटकलं आणि वर झोके घेतले, तर ओढ याहून बरीच जास्त.

म्हणून तपासणी वरच्या दोन बोल्टांपासून सुरू करायची. खालचे बोल्ट दाबले जातात, वरचे उपटले जातात. भिंतीत रोवलेल्या फास्टनरनाही हाच हिशेब लागू. वरचे आधी सैल होतात.

शिडी लावा, हात लावा, ऐका

शिडीवर एक जण, खाली शिडी धरायला दुसरा. स्टँडच्या प्लास्टिकच्या बेसवर किंवा खुर्चीवर स्टूल ठेवून चढण्याचा आपला खास भारतीय प्रकार इथे नको.

रिंग दोन्ही हातांनी धरून हलकेच वर-खाली हलवा. स्प्रिंगवाली रिंग खाली झुकून परत येणारच, तिचं सोडून द्या. बोर्ड हलतोय का, बोर्डमागची लोखंडी चौकट हलतेय का, भिंतीजवळ प्लॅस्टरची भुकटी पडतेय का, हे बघा. बोल्टाखालून तांबूस ओघळ आला असेल तर आत पाणी जातंय असं समजा. वरवरचा गंज आणि खाऊन टाकणारा गंज यांतला फरक ओळखायला स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने खरवडायचं. खाली चकचकीत लोखंड दिसलं तर तो भाग पॉलिश पेपरने घासून, रेड ऑक्साइड आणि वर ऑइल पेंट मारून वाचतो. पापुद्रे सुटून आले किंवा टोक आत रुतलं, तर तो भाग गेला.

भिंतीवरच्या रिंगबाबत भिंतही तपासायला हवी, आणि हे बहुतेक जण विसरतात. हातोडीच्या दांड्याने फास्टनरच्या आजूबाजूला ठोका. ठणठणीत आवाज आला तर ठीक. बद्द, पोकळ आवाज आला तर प्लॅस्टर सुटलंय आणि फास्टनर कदाचित नुसत्या प्लॅस्टरच्या जोरावर उभा आहे. भोक सैल झालं म्हणून त्याच भोकात सिमेंट भरून जाडा बोल्ट ठोकण्याचा सल्ला अनेक मिस्त्री देतात. तो ऐकू नका. नवीन भोक जुन्यापासून निदान चार-पाच इंच लांब, चांगल्या जागी घ्या.

चांगली जागा म्हणजे काँक्रीटचा बीम किंवा कॉलम, नाहीतर नऊ इंची विटांची भिंत. तिथेही आतली सळई लागली तर ती कापायची नाही, भोक सरकवायचं. आणि सोसायटीत राहत असाल तर आधी परवानगी घ्यायची. चार इंची कठड्यावर किंवा पार्टिशनवर रिंग लावलेली असेल तर ती उतरवा. तिथे बोल्ट कितीही महागडे लावले तरी उपयोग नाही. नव्या इमारतींत हलक्या, करड्या एएसी ब्लॉकच्या भिंती असतात. त्यांत साधा फास्टनर नीट धरत नाही. तिथे भिंतीच्या आरपार बोल्ट घेऊन मागच्या बाजूने लोखंडी पट्टी लावणं हाच खात्रीचा उपाय.

बोल्ट बदलताना एक सापळा

घरगुती सेटमध्ये बऱ्याचदा रिंगचे बोल्ट बोर्डमधून आरपार जाऊन मागच्या ब्रॅकेटला बसतात. म्हणजे रिंग आणि बोर्ड एकाच बोल्टांवर उभे असतात. तुम्ही रिंग बदलायला म्हणून चारही बोल्ट सोडले, की रिंगबरोबर बोर्डही खाली यायला निघतो. म्हणून पाना लावण्याआधी मागून नीट बघून घ्या आणि बोर्ड दोरीने वरच्या चौकटीला बांधून ठेवा. फक्त बोल्टच बदलायचे असतील तर चारही एकदम काढायचे नाहीत. एक काढा, नवा घाला, हाताने घट्ट करा, मग दुसरा. चौघे आत गेल्यावर पान्याने आवळा, तेही एका ओळीने नाही. तिरक्या जोडीने, जसं गाडीच्या चाकाचे नट आवळतात तसं.

नट गंजून बसला असेल तर जोर लावू नका, बोल्टचं डोकं तुटेल किंवा कडा झिजून पाना घसरायला लागेल. गंज सोडवणारा स्प्रे मारा आणि रात्रभर ठेवा. सकाळी आधी किंचित आवळायच्या दिशेने फिरवा, मग सोडवा. तरीही हलला नाही तर जवळच्या फॅब्रिकेशनवाल्याला बोलावून कापून घ्या. बोर्ड अ‍ॅक्रिलिकचा असेल तर कापताना उडणाऱ्या ठिणग्यांपासून त्याला ओलं पोतं घालून झाका.

नवे बोल्ट घेताना जुना बोल्ट दुकानात घेऊन जा. जाडी आणि लांबी तीच हवी. बोल्टच्या डोक्यावर आकडे कोरलेले असतात. 8.8 लिहिलेलं असेल तर तो मजबूत पोलादाचा. मुंबई, गोवा, मंगळूर, चेन्नई अशा समुद्राजवळच्या गावांत राहत असाल तर स्टेनलेस स्टीलचे घ्या, आणि परवडलं तर 304 पेक्षा 316 प्रतीचे. खाऱ्या हवेत तेच जास्त टिकतात. इंदूर, नागपूर, दिल्लीकडच्या कोरड्या हवेत चांगले गॅल्व्हनाइज्ड बोल्टही वर्षानुवर्षं चालतात. तिकडे ऊन प्लास्टिकचे हाल करतं, लोखंडाचे नाही. प्रत्येक बोल्टला वायसर हवाच. चेंडूच्या माऱ्याने नट हळूहळू फिरून सुटतात, त्यामुळे साध्या नटाऐवजी आत नायलॉनचं कडं असलेला नायलॉक नट मागा. तो एकदा काढला की पुन्हा वापरायचा नाही, नवा घालायचा.

रिंग झुकली असेल तर

रिंगवर फोन ठेवा. फोनमधलं लेव्हल मोजणारं अ‍ॅप उघडा, दोन दिशांनी बघा. मागे-पुढे झुकाव दिसला तर तीन शक्यता असतात: बोल्ट सैल, रिंगची प्लेट वाकलेली, किंवा स्प्रिंग थकलेली. बोल्ट आवळून सरळ झाली तर प्रश्न मिटला. प्लेट वाकली असेल तर हातोडीने ठोकून सरळ करू नका, वाकलेलं लोखंड त्या जागी कमजोर झालेलं असतं.

स्प्रिंगच्या रिंगची एक मजेदार गोष्ट आहे. 1979 मध्ये अमेरिकेत डॅरिल डॉकिन्स नावाच्या धिप्पाड खेळाडूने डंक मारताना एकाच महिन्याच्या आत दोन काचेचे बोर्ड फोडले. अशा फुटणाऱ्या बोर्डांवर इलिनॉय राज्यातल्या आर्थर एहराट या माणसाने उपाय काढला. तो धान्याच्या गोदामाचा व्यवस्थापक होता, बास्केटबॉलपटू नव्हता. त्याने शेतीच्या अवजारातली स्प्रिंग रिंगला लावून पाहिली. ओढ आली की रिंग झुकायची, सोडली की जागेवर. 1982 मध्ये त्याला पेटंट मिळालं. आज दुकानात स्प्रिंगची रिंग म्हणून जे मिळतं ते या कल्पनेचं पोर आहे.

आता प्रश्न असा की घरी स्प्रिंगची घ्यावी की साधी? माझं मत विचाराल तर, घरात फक्त लहान मुलं आणि फक्त नेमबाजी असेल तर साधी, जाड सळईची रिंग उत्तम. तिच्यात बिघडण्यासारखं काही नसतं. घरात लटकणारं कुणी असेल तर स्प्रिंगवाली. आणि प्रत्येक घरात लटकणारं कुणीतरी असतंच. बहुतेकदा ते बाबा असतात. मात्र स्प्रिंग म्हणजे लटकायचा परवाना नव्हे, ती झटका कमी करते, वजन नाही.

थकलेली स्प्रिंग घरी उघडून बदलायच्या फंदात पडू नका. ती दाबून बसवलेली असते, नट सुटताच उसळून तोंडावर येऊ शकते. अशा वेळी पूर्ण रिंगच बदला. नवी मागवताना दोन मापं घ्या: रिंगची आतली रुंदी, आणि प्लेटवरच्या भोकांमधलं अंतर, एका भोकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत, आडवं आणि उभं दोन्ही. टेप लावलेला फोटो काढून विक्रेत्याला पाठवला की निम्मे घोळ टळतात. मेरठ आणि जालंधर ही आपल्याकडच्या क्रीडासाहित्याची मोठी केंद्रं आहेत, तिथला माल ऑनलाइन देशभर जातो. सगळ्यांची भोकं मात्र सारखी नसतात. स्वस्तातल्या रिंगा आतून पोकळ पाइपच्याही असतात. वजन विचारून घ्या, हलकी निघाली तर परत करा.

जाळी: बारा फास, एकही चुकवू नका

जाळीचं काम खरोखर सोपं आहे आणि मुलांना द्यायला सगळ्यात चांगलं. रिंगच्या खाली बारा हुक असतात, जाळीला बारा फास. एका हुकापासून सुरू करून क्रमाने पुढे जायचं. मध्ये एक हुक सुटला तर शेवटी एक फास उरतो आणि सगळं पुन्हा काढावं लागतं, म्हणून पहिल्या हुकाला चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवा. हुक डुकराच्या शेपटीसारखे वळलेले असतील तर फास नुसता अडकवून खाली ओढला की बसतो. हुकांच्या जागी बंद कड्या असतील, किंवा एखादा हुक तुटला असेल, तर केबल टाय वापरा. पांढरे नको, काळे घ्या. पांढरे उन्हात लवकर कडक होऊन तुटतात. टायचं उरलेलं टोक पूर्ण कापा आणि ते बाहेरच्या बाजूला ठेवा, नाहीतर रिबाउंडला हात घालणाऱ्याची बोटं ओरबाडतात.

लोखंडी साखळीची जाळी टिकाऊ असते आणि चेंडू पडताना झकास आवाज करते, पण ती चेंडूचं रबर खाते आणि बोटंही अडकू शकतात. घरासाठी जाड नायलॉनच बरी. काही शे रुपयांत येते, दर दोन वर्षांनी बदलली तरी हरकत नाही. तिचं काम फक्त शोभेचं नाही. ती चेंडूचा वेग मारते आणि तो पायाशी पाडते. 1891 मध्ये जेम्स नेस्मिथ यांनी स्प्रिंगफील्डला हा खेळ सुरू केला तेव्हा पीच फळांच्या टोपल्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या होत्या. टोपलीला बूड होतं, त्यामुळे गोल झाला की कुणीतरी वर जाऊन चेंडू काढायचा. कठडा साधारण दहा फुटांवर होता, म्हणून रिंग आजही दहा फुटांवर, म्हणजे 3.05 मीटरवर असते.

बोर्ड

प्लायवूडचा बोर्ड कडेने फुगतो, अ‍ॅक्रिलिकचा भोकापासून तडकतो. प्लायवूड बदलायचा तर आयएस 710 छापलेला मरीन प्लाय घ्या आणि रंग लावताना कडा आणि भोकांची आतली बाजू विसरू नका, पाणी तिथूनच शिरतं. अ‍ॅक्रिलिकमध्ये भोकाजवळ तडा दिसला तर चिकटवून भागत नाही, बोर्ड बदलायचा. नवा बसवताना बोल्ट आणि बोर्ड यांच्यामध्ये रबरी वायसर घाला. थिनर किंवा स्पिरिटने तो कधीही पुसू नका, त्याने बारीक भेगांचं जाळं उमटतं. साबणाचं पाणी पुरे. मधला चौकोन पुसट झाला असेल तर 59 सेंटीमीटर रुंद आणि 45 उंच असा पट्टीने आखून पुन्हा रंगवा. बोर्ड लहान असेल तर त्याच प्रमाणात लहान.

स्टँडवाली रिंग: वजन कुठे गेलं?

चाकांच्या स्टँडवर उभी असलेली रिंग पडते तेव्हा बहुतेकदा एकच कारण असतं, बेसमधलं वजन कमी झालेलं असतं. पाणी भरलेलं असतं, उन्हाने प्लास्टिकला बारीक चीर जाते, पाणी थेंबाथेंबाने निघून जातं आणि वरून काहीच कळत नाही. महिन्यातून एकदा झाकण उघडून पातळी बघा. झाकण हरवलं असेल तर ते आधी मिळवा. उघड्या, साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंडी घालतो, आणि बेस ही त्याच्यासाठी आयती टाकी.

बेसला चीर गेली की लोक इपॉक्सी थापतात. या बेसचं प्लास्टिक पॉलिइथिलिनचं असतं, त्यावर इपॉक्सी नीट चिकटत नाही. काही दिवसांत पापुद्रा सुटतो. त्यापेक्षा पाणी काढून कोरडी वाळू भरा. शंभर लिटरच्या बेसमध्ये पाणी शंभर किलो मावतं, वाळू दीडशे किलोच्या वर. वाळू एकदा भरली की काढणं महाकठीण, म्हणून जागा पक्की करूनच भरा, आणि समुद्रकिनाऱ्याची खारी वाळू आणू नका. चीर मोठी असेल तर बेसच बदला. जोराच्या वाऱ्याचा किंवा वादळाचा इशारा असेल त्या दिवशी स्टँड आडवा करून ठेवा, यात कमीपणा काही नाही.

खांब

जमिनीत रोवलेल्या खांबाचं दुखणं जमिनीलगतच्या चार बोटांच्या पट्ट्यात असतं. पावसाचं पाणी तिथे साठतं, माती ओली राहते, आणि पाइप पोकळ असल्याने आतूनही गंजतो. माती बाजूला करून तो पट्टा उघडा करा, हातोडीने चारही बाजूंनी ठोका, स्क्रू-ड्रायव्हर टोचा. टोक आत गेलं, तर त्या दिवसापासून खेळ बंद. वरून पत्र्याचा तुकडा वेल्ड करून देतो म्हणणारे भेटतील. आतून गंजलेल्या पाइपला पातळ पत्रा काय धरणार? खांब बदलायचाच. आणि बदलेपर्यंत तो नुसता उभा ठेवायचा नाही, फॅब्रिकेशनवाल्याकडून उतरवून घ्यायचा, कारण "खेळायचं नाही" असं सांगितलेलं शेजारच्या मुलांना माहीत नसतं. नवा बसवताना पायाभोवतीचं काँक्रीट जमिनीपेक्षा थोडं उंच आणि बाहेरच्या बाजूला उतरतं ठेवा, म्हणजे पाणी थांबणार नाही. वरच्या तोंडाला टोपी बसवा. खांबाला माणसाच्या उंचीपर्यंत जाड फोम गुंडाळून घ्या. एसीच्या पाइपवर असतो तो काळा फोमही चालतो.

सगळं बसवून झालं की जमिनीपासून रिंगच्या वरच्या कडेपर्यंत टेप लावा. मोठ्यांसाठी 3.05 मीटर, बारा वर्षांखालच्यांच्या मिनी बास्केटबॉलसाठी 2.60 मीटर आणि पाच नंबरचा चेंडू. दोन-तीन दिवस खेळून झाल्यावर पुन्हा शिडीवर चढून बोल्ट एकदा आवळा, कारण नवे वायसर आणि बोर्ड दबून बसतात तसे नट किंचित सैल पडतात. पुढची तपासणी पावसाळा संपल्यावर. आणि काढलेले गंजके बोल्ट "कधीतरी लागतील" म्हणून खिळ्यांच्या डब्यात टाकू नका. कधीतरी तेच हाताला लागतात.